यादीत नसलेला कोल्हा

चष्मा काढून ठेवा. सावळ घाटाच्या या वाटेवर चष्मेवाला दिसला की लोक त्याला कचेरीतला समजतात, आणि कचेरीतल्या माणसापुढे इथे कुणी तोंड उघडत नाही. अंगात बंडी, डोक्याला मुंडासं, पायात जाड वहाणा, एवढं पुरे. नाशिक मागे राहिलं. घाटमाथ्यावर उभं राहून पश्चिमेकडे पाहिलं तर डोंगरामागे डोंगर आणि सगळ्यांवर झाडी. साल १८८५ आहे, मार्गशीर्ष लागून चार दिवस झालेत. अजून दोन-तीन आठवड्यांनी मुंबईत, गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत, बहात्तर शिकलेली माणसं जमतील आणि काँग्रेस नावाचं काहीतरी स्थापन करतील. पेठच्या रानात त्याची खबर यायला बरीच वर्षं लागणार आहेत.

घाट उतरलात की झाडी अंगावर येते. साग, ऐन, तिवस, मध्येच खैर. खाली कारवीची दाटी आणि नाळीच्या कडेने बांबू. दहा पावलांपुढचं दिसत नाही. सागाची पानं वाळायला लागलीत, खाली पडलेल्या पानावर पाय पडला की आवाज पार पलीकडच्या उतारावर जातो. देशावरच्या माळावर शिकार बघितलेला माणूस इथे पहिल्या दिवशीच वेडा होतो. माळावर जनावर दिसतं, मग माणूस त्याच्या मागे लागतो. इथे जनावर आधी तुम्हाला ऐकतं, मग हुंगतं, आणि तुम्हाला दिसायची वेळ येते तेव्हा ते बहुतेक निघून गेलेलं असतं.

पाड्यावर पोचता तेव्हा दिवेलागणीची वेळ झालेली असते. दिवे म्हणजे चुली. कुडाची घरं, शेणाने सारवलेल्या भिंती, ओसरीच्या आढ्याला टांगलेली नागलीची कणसं. कोकणा आणि कोळी, दोन्ही समाजांची वस्ती आहे. वस्तीतला सगळ्यात जुना माणूस तुम्हाला सरळ अरे-तुरे करतो; त्याचं वाईट वाटून घेऊ नका, या डोंगरात साहेबालाही तेच. भाकर पुढे येते, सोबत उडदाची पातळ डाळ आणि खुरासणीची चटणी. तुम्ही जेवत असताना गोष्ट कळते: आठवड्यात दोन करडं गेली, पाच-सहा कोंबड्या गेल्या आणि काल रात्री एक मोठी शेळी.

"कोल्हा," तुम्ही म्हणता. शहरातून आलेला माणूस असंच चटकन म्हणतो.

म्हातारा उत्तर देत नाही. टेंभा पेटवून तुम्हाला गोठ्यामागे नेतो.

शेळी चाळीसेक पावलं ओढत नेलेली आहे. मानेखाली चार भोकं, खोल आणि नीट. म्हातारा दोन बोटं त्या भोकांवर ठेवून अंतर दाखवतो. कोल्ह्याचा जबडा एवढा उघडत नाही, आणि एवढं वजन त्याला ओढवत नाही. हे वाघराचं काम, म्हणजे बिबळ्याचं. पोटाकडून जे लचके तोडलेत ते मात्र नंतरचे, आणि ते कोल्ह्याचे. मोठ्याने मारलं, धाकट्याने उष्टं खाल्लं. करडांची गोष्ट वेगळी. ती गेली त्या जागेवर, ओहोळाकाठच्या ओल्या मातीत, माग राहिलाय. म्हातारा टेंभा तिरका धरतो म्हणजे ठशाच्या कडा सावलीत उठून दिसाव्यात. तुम्हाला तो कुत्र्याचा पाय वाटतो. चार बोटं, नखं उमटलेली. "मधली दोन बघ," तो म्हणतो. वाकून बघा. मधल्या दोन बोटांच्या गाद्या मागच्या बाजूने एकमेकींना चिकटलेल्या आहेत. कुत्र्याच्या पायात त्या सुट्या असतात. शिवाय कुत्रं झुलत चालतं, त्याचे ठसे इकडेतिकडे पडतात. हा माग दोरी आखल्यासारखा सरळ गेलाय. ठसे दोन मापांचे आहेत, एक थोडं लहान. जोडी आहे.

म्हणजे गुन्हेगार दोन आणि निकालही दोन. वाघराचं काय करायचं हे विचारायलाच नको; शिवेवर वाघोबाचा लाकडी खांब आहे, त्याला नारळ कबूल करायचा आणि शेळ्या आत बांधायच्या. सवा महिन्यापूर्वीच, अश्विन वद्य द्वादशीला, वाघबारस झाली. गुराखी पोरांतलं एक वाघ झालं, एक अस्वल, एक कोल्हा, आणि बाकीच्यांनी त्यांना दटावत, पिटाळत शिवेबाहेर काढलं. कोल्हा झालेलं पोर आत्ता शेकोटीपाशी बसून हसतंय, कारण सगळे त्याला विचारताहेत की तू करडं का खाल्लीस. कोल्ह्याला नारळ नाही. त्याला उद्या पहाटे गाठायचा.

रात्री पलीकडच्या पाड्यावरून पावरीचा सूर येत राहतो. डोंगरदेवाचा महिना आहे, माऊल्या, म्हणजे व्रतकरी, नाचताहेत. पुनवेपर्यंत हे चालणार, आणि ज्यांनी डोंगरदेवाचं व्रत धरलंय ते शिकारीला येणार नाहीत. उरलेली माणसं मोजकी.

तुम्हाला उठवतात तेव्हा चांदण्या आहेत. एवढ्या लवकर का, ते बाहेर पाऊल टाकताच कळतं. पानांवर दव पडलंय. ओलं पान वाजत नाही. ऊन चढलं की तेच पान पुन्हा कडकडीत होणार, म्हणजे चालायला मिळतो तो एवढाच वेळ. दुसरं कारण वाऱ्याचं. रात्रभर गार झालेली हवा डोंगरावरून नाळीने खाली वाहते, अगदी मंद. म्हातारा चिमूटभर राख सोडतो आणि ती कुठे जाते ते बघतो. उतारावर ऊन पडलं की हीच हवा उलटी वर चढायला लागते. जे करायचं ते त्याआधी.

आता वाघर लावतात. वाघर म्हणजे अंबाडीच्या दोरीचं जाळं, छातीएवढं उंच, बरंच लांब. नाळ जिथे अरुंद होते तिथे ते काठ्यांवर इतकं सैल अडकवतात की जनावराचा धक्का बसताच अंगावर कोसळावं. गाठी हाताला लागतात तशा चाचपून बघा. प्रत्येक चौकोनात तुमची मूठ जाईल, डोकं जाणार नाही. वाघरीच्या दोन्ही टोकांना दोघे काठ्या घेऊन आडवे पडतात. एक तरुण तीरकमठा घेऊन वाऱ्याच्या खालच्या अंगाला, जनावरांच्या पायवाटेवर, करवंदीच्या जाळीत शिरतो. म्हातारा तुम्हाला घेऊन वरच्या अंगाला एका ऐनाच्या बुंध्याशी बसतो.

"बोलायचं नाय. खोकला आला तर गिळ."

गवताचं एक रुंद पातं तो दोन्ही अंगठ्यांच्या मध्ये ताणून धरतो आणि फुंकतो. अंगावर काटा येतो तुमच्या. जखमी ससा ओरडतो तसा, चिरका, थरथरता आवाज. पहिल्यांदा अगदी हळू, कारण कोल्हा जवळच झोपलेला असेल तर मोठ्या आवाजाने तो बिचकेल. मग थांबणं. बराच वेळ थांबणं. मग पुन्हा, जरा मोठ्याने, शेवटी आवाज तोडत, ससा दमल्यासारखा. अमेरिकेत कायोटी नावाचा कोल्ह्याचा चुलतभाऊ आहे. तिथले शिकारीही त्याला असाच, ससा मरतोय असं भासवून बोलावतात. आजकाल त्यासाठी बॅटरीवरचे भोंगे मिळतात. युक्ती तीच: दाट रानात कोल्ह्याच्या मागे धावण्यात अर्थ नाही, त्याला यायला लावायचं.

आणि तो येतो, पण तुम्ही बघताय तिथून नाही. समोरच्या मोकळ्या पट्ट्याकडे तुमची नजर खिळलेली असते. आवाजाच्या दिशेने सरळ चालत येईल तो कोल्हा कसला! दाट झाडीत त्याचा डोळ्यावर भरवसा नसतो, तो आवाजाला वळसा घालतो आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला जाऊन आधी वास घेतो. म्हाताऱ्याने तीरकमठेवाला तिकडे का बसवला हे तुम्हाला आत्ता उमगतं. करवंदीत काहीतरी हलतं. दोरीचा टणत्कार, एक तोकडी किंकाळी, आणि त्याच क्षणी तुमच्या डाव्या हाताला, तुम्हाला अजिबात न दिसलेला दुसरा कोल्हा कारवी मोडत नाळीकडे सुटतो.

"हाऽऽ!" म्हातारा उठतो, सगळे उठतात, पत्रे-डबे नाहीत तेव्हा, तोंडानेच हाकारा. कुत्री सोडलेली. कारवीतून तुम्ही धडपडत खाली पोचता तोवर वाघर कोसळलेली आहे आणि आत काहीच नाही. जाळ्याला केसांचा पुंजका अडकलाय. एक चौकोन कुणाच्या तरी आळसामुळे मोठा राहिला होता, त्यातून मादी निसटली. म्हातारा वाघर विणणाऱ्याला जे बोलतो ते इथे लिहिता येणार नाही.

तीर लागलेला नर करवंदीत पडलाय. काठीचा एकच घाव बसतो. जवळून बघितलात तर हा प्राणी तुम्हाला अपेक्षेपेक्षा लहान वाटेल. पाय बारीक, पाठीवर काळपट करडे केस, कानामागे तांबूस. एक पोरगा लगेच त्याची टाळू चाचपायला लागतो. कोल्ह्याच्या डोक्यात एक बारीक शिंग असतं आणि ते जवळ बाळगलं की कोर्टकचेरीत जय मिळतो, असं त्याने हरसूलच्या बाजारात ऐकलंय. म्हातारा हसतो. आयुष्यात इतके कोल्हे पाहिले, शिंग एकाही डोक्यात नव्हतं. (आजही हे 'शिंग' विकलं जातं. कातड्याच्या तुकड्यात केस बांधून बनवलेलं असतं, घेणारे अजून मिळतात. बाळगणाऱ्याला कोर्टकचेरी मात्र नक्की घडू शकते.)

परतीच्या वाटेवर जंगल शिपाई भेटतो. वाघर बघतो आणि काठी आडवी धरतो.

इथे थोडं मागे जायला हवं. सात वर्षांपूर्वी, १८७८ मध्ये, या डोंगरावर एकाच सालात तीन गोष्टी कोसळल्या. पेठ हे छोटं संस्थान होतं. १८५७ च्या डिसेंबरात हरसूलचा बाजार लुटला गेला, बंड मोडल्यावर पेठच्या भगवंतरावांना फाशी झाली, आणि उरलंसुरलं संस्थान तिथली बेगम वारल्यावर १८७८ मध्ये खालसा झालं. त्याच वर्षी नवा जंगल कायदा आला. राखीव जंगलात नियमाबाहेर शिकार करणं, फास लावणं, जाळं टाकणं, पाण्यात विष घालून मासे धरणं, सगळं गुन्हा. आणि त्याच वर्षी लॉर्ड लिटनच्या सरकारने हत्यारांचा कायदा केला: बंदूक ठेवायची तर परवाना हवा. युरोपियनांना त्यातून सूट. म्हणजे नाशिकहून तंबू घेऊन येणारा साहेब याच नाळीत शंभर माणसांचा हाका लावून बिबळ्या मारू शकतो, त्याचा फोटो निघतो. आणि करडं गेलेल्या माणसाची अंबाडीची दोरी जप्त होते. शेजारच्या ठाणे जिल्ह्यात जंगलाच्या तक्रारी इतक्या वाढल्या की याच १८८५ मध्ये सरकारला चौकशीसाठी कमिशन नेमावं लागलं.

शिपाई विचारतो, कशाची शिकार? कोल्हा दाखवतात. त्याची निराशा चेहऱ्यावर दिसते. वाघ, बिबळ्या, लांडगा, तरस असं काही असतं तर गोष्ट वेगळी. त्यांच्या डोक्यावर सरकारी बक्षीस आहे. मुंडकं-कातडं कचेरीत दाखवायचं आणि रोख पैसे घ्यायचे. त्यात शिपायालाही वाटा सुटला असता. कोल्ह्याला कोण विचारतो? एक कोंबडी कबूल होते, काठी बाजूला होते. कोंबड्या वाचवायला केलेल्या शिकारीत एक कोंबडी गेलीच.

बक्षिसांनी काय केलं ते आकड्यांत बघायचं तर इतिहासकार महेश रंगराजन यांनी सरकारी नोंदी चाळून मांडलेला हिशेब बघा: १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात ८० हजारांवर वाघ, दीड लाखावर बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले. या म्हाताऱ्याच्या वस्तीसारख्या हजारो वस्त्या त्यात कामाला लागल्या, कारण दुष्काळातून उठलेल्या घराला रोख पैसा दुसरीकडून येत नव्हता. वाघोबाला नारळ देणाऱ्याच्याच नातवाने पुढे वाघराचं कातडं कचेरीत नेलं असेल तर मला नवल वाटणार नाही, आणि मी त्याला दोषही देणार नाही. मला राग येतो तो त्या नोंदवहीचा, जिच्यात जनावराची जात आणि रुपये असे दोनच रकाने होते. शिवेवरचा खांब, करडू आणि शेळी यांतला फरक, कोण मारतो आणि कोण उष्टं खातो, यातलं काहीही त्या वहीत मावत नव्हतं.

कोल्हा मात्र त्या वहीच्या बाहेरच राहिला, आणि ते त्याच्या पथ्यावर पडलं. तसाही तो मारून संपणारा नाही. आज निसटलेली मादी माघात दुसरा नर धरेल आणि साधारण दोन महिन्यांनी तिची पिल्लं बिळात असतील. कायोटीचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. अमेरिकेत सरकारने विष, सापळे, बंदुका, विमानं सगळं वापरून शंभर वर्षं त्याला मारलं, अजून दरवर्षी हजारोंनी मारतात. या काळात तो पश्चिमेच्या माळांवरून पसरत अटलांटिकच्या किनाऱ्यापर्यंत आणि खाली पनामापर्यंत जाऊन पोचला. लांडगे मारून त्याची वाट मोकळी करून दिली ती माणसांनीच.

आता चला, पुढे सरकू. १९७२ मध्ये फार थांबू नका. महाराष्ट्रात दुष्काळ आहे, पेठच्या उतारांवरचा साग बराच गेलाय, माणसं खडी फोडायच्या कामावर आहेत. त्या सप्टेंबरात दिल्लीत वन्यजीव संरक्षण कायदा होतो. साहेबाचा हाका आणि गावकऱ्याची वाघर दोन्ही हळूहळू बेकायदा होत जातात. २०२२ च्या दुरुस्तीनंतर तर कोल्हा वाघाच्याच अनुसूचीत जाऊन बसला.

चष्मा घाला. तुम्ही दिंडोरी तालुक्यात आहात, आजच्या दिवशी, द्राक्षबागेच्या बांधावर. सकाळचे नऊ वाजलेत. रात्री ओढ्याकडून कोल्हेकुई ऐकू आली होती, बागायतदार म्हणतो ती आता रोजचीच. कोल्ह्याला द्राक्षं आंबट लागतात असं त्याला कुणी सांगितलंय कोण जाणे. खालचे घड तो बिनतक्रार खातो. पण आजची भानगड द्राक्षांची नाही. बागेशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक शेळी मरून पडली आहे आणि तिला कुणी हात लावायचा नाही, कारण वनरक्षक यायचाय.

कोल्ह्याचं नाव अखेर सरकारी यादीत आलंय. वाघ, बिबट, लांडगा, तरस यांच्या जोडीला तेही आहे. फक्त यादी भरपाईची आहे. यांच्यापैकी कुणी तुमचं जनावर मारलं तर वन विभाग पैसे देतो. अटी आहेत: ४८ तासांच्या आत कळवायचं, पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर हलवायचं नाही, पशुवैद्यकाचा दाखला जोडायचा. मोकाट कुत्री या यादीत नाहीत. आणि दिंडोरीच्या हमरस्त्यावर, ढाब्यांमागे, कोंबड्यांच्या शेडभोवती मोकाट कुत्री किती आहेत ते येताना तुम्ही पाहिलंच.

वनरक्षक तरुण आहे, मोटारसायकल लावून लगेच कामाला लागतो. मोबाइलवर फोटो, जागेची नोंद, पंचांची नावं. शेळीच्या मागच्या पायांवर चावे आहेत, गळ्यावर फारसं काही नाही. मग तो ठिबकच्या नळीखालच्या ओल्या पट्ट्यात बसतो. ठसे तिथे स्वच्छ उमटलेत.

"कुत्र्याचे वाटतात का हो, काका?" तो बागायतदाराला विचारतो. आवाजात उलटतपासणी नाही, खरंच विचारतोय.

"छे. कोल्हाच तो, साहेब. रात्री आख्खी टोळी ओरडत होती. पोरांना विचारा."

पोरं मान हलवतात. तुम्हीही वाकून बघता. चार बोटं, नखं उमटलेली. मधल्या दोन गाद्यांमध्ये मातीची बारीक, सरळ रेघ उभी आहे. दोन्ही बोटं अगदी सुटी. पलीकडे माग तीन दिशांना भरकटलाय.

शेळीची मालकीण शेडच्या दारात उभी आहे. ती बागायतदाराची कुणी नाही. पेठकडून छाटणीच्या कामाला आलेल्या टोळीतली आहे आणि तिच्याकडे ही एकच शेळी होती. वनरक्षक लेखणी उघडून 'हल्ला करणाऱ्या वन्यप्राण्याचे नाव' या रकान्यापाशी थांबतो आणि तुमच्याकडे बघतो.

"तुम्हाला काय वाटतं, सर?"